नायट्रेट तपासणीच्या पट्ट्या : नाशिकच्या एका सोसायटीतील वापराचे परीक्षण

बोअरवेलच्या पाण्यातील नायट्रेट, म्हणजे नायट्रोजन आणि प्राणवायू यांचे पाण्यात विरघळणारे संयुग, घरच्या घरी तपासण्यासाठी ज्या रंग बदलणाऱ्या पट्ट्या ऑनलाइन विकत मिळतात, त्यांची ५० पट्ट्यांची एक बाटली आमच्या सोसायटीने देखभाल निधीतून घेतली आणि मे महिन्यापासून दिवाळीपर्यंत वापरली. पाचपैकी साडेतीन गुण द्यावेत अशी ही वस्तू आहे. पट्टी स्वतः आपले काम चोख करते. गेलेल्या दीड गुणाला रंगतक्ता आणि माहितीपत्रक जबाबदार आहे. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण एकाच धर्तीच्या अशा अनेक पट्ट्या बाजारात आहेत, त्यांची रसायने जवळपास सारखीच असतात आणि पुढे सांगितलेले गुणदोष त्यांतील बहुतेकांना लागू पडतात.

पट्टी म्हणजे बोटभर लांबीची प्लॅस्टिकची कांडी असून तिच्या टोकाला दोन चौकोनी तुकडे चिकटवलेले असतात, एक नायट्रेटसाठी आणि दुसरा नायट्राइटसाठी, म्हणजे त्याच्याच कमी प्राणवायू असलेल्या भावंडासाठी. पाण्यात क्षणभर बुडवून बाहेर काढायची, जादा पाणी झटकायचे आणि मिनिटभराने तुकड्यावर उमटलेला रंग बाटलीवरील तक्त्याशी ताडून पाहायचा, एवढीच कृती आहे. आत घडणारी रासायनिक क्रिया जुनी आणि भरवशाची आहे. जस्तासारख्या क्षपणकाच्या, म्हणजे प्राणवायू काढून घेणाऱ्या पदार्थाच्या, साहाय्याने नायट्रेटचे आधी नायट्राइट होते आणि मग त्या नायट्राइटपासून गुलाबी ते जांभळट छटेचा रंग तयार होतो. ही दुसरी पायरी पीटर ग्रीस या जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या नावाने एकोणिसाव्या शतकापासून ओळखली जाते आणि प्रयोगशाळांतील काही पद्धतीही तिच्यावरच उभ्या आहेत. त्यामुळे पट्टी म्हणजे खेळणे, असा जो शेरा आमच्या सर्वसाधारण सभेत मारला गेला तो अन्यायाचा होता. पट्टीची मर्यादा तिच्या रसायनात नाही, रंग डोळ्यांनी वाचावा लागतो यात आहे.

नाशिकसारख्या शहरात ही खरेदी करावी का, हा पहिला प्रश्न. महापालिकेच्या नळाला येणारे पाणी गंगापूर, दारणा आणि मुकणे या धरणांतून उचललेले आणि शुद्ध केलेले असते. त्या पाण्याच्या नायट्रेटची चिंता करीत बसण्याचे कारण आम्हाला दिसले नाही आणि आमच्या पट्टीवरही त्या पाण्याने रंग जेमतेमच धरला. अडचण दुसरीकडे आहे. इंदिरानगर, पाथर्डी फाटा, म्हसरूळ, मखमलाबाद अशा वाढत्या भागांतील असंख्य सोसायट्यांमध्ये नळाचे पाणी आणि बोअरचे पाणी यांची व्यवस्था कागदोपत्री वेगळी असते, परंतु उन्हाळ्यात नळाचा दाब कमी झाला की बोअरचा पाइप त्याच जमिनीखालच्या टाकीत सोडला जातो आणि तेथून सगळे एकत्र गच्चीवर चढते. स्वयंपाकघरातील नळातून त्या दिवशी नेमके किती टक्के गंगापूर आणि किती टक्के बोअर येत आहे, हे वॉचमनखेरीज कोणालाही माहीत नसते. टँकर आला की त्यात तिसऱ्याच कोण्या विहिरीची भर पडते. धरणाच्या पाण्याचा अहवाल कितीही उत्तम असला तरी त्याचा अशा टाकीशी संबंध उरत नाही.

नायट्रेटला रंग नाही, वास नाही आणि पिण्याच्या पाण्यात ज्या प्रमाणात ते आढळते त्या प्रमाणात चवही नाही. पाणी गढूळ नाही, साबणाला फेस येतो आणि भांड्यांवर पांढरे डाग पडत नाहीत, एवढ्यावर जे पाणी ‘गोड’ ठरते त्यातही नायट्रेट मर्यादेबाहेर असू शकते. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १०५०० या २०१२च्या मानकात पिण्याच्या पाण्यातील नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम अशी दिली आहे. इतर कित्येक घटकांसाठी पर्यायी स्रोत नसल्यास वापरायची दुसरी, सैल मर्यादा त्याच मानकात आहे, पण नायट्रेटला तशी कोणतीही सवलत दिलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा ५० मिलिग्रॅम आहे. या मर्यादांमागील मुख्य कारण म्हणजे बाटलीने दूध पिणारी, सहा महिन्यांच्या आतील तान्ही बाळे. त्यांच्या पोटात नायट्रेटचे नायट्राइट झाले की रक्तातील हिमोग्लोबिनचे असे रूपांतर होते की त्याला प्राणवायू वाहून नेता येत नाही आणि बाळाचे ओठ व नखे निळसर दिसू लागतात. विहिरीच्या पाण्याशी या आजाराचा संबंध अमेरिकेतील आयोवा राज्यात हंटर कॉमली या डॉक्टरांनी १९४५मध्ये दाखवून दिला. प्रौढांच्या बाबतीत चित्र इतके थेट नाही. डेन्मार्कमधील सुमारे २७ लाख लोकांच्या २०१८च्या एका अभ्यासात मर्यादेपेक्षा पुष्कळ कमी नायट्रेट असलेल्या पाण्याशीही मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा संबंध दिसून आला, परंतु संबंध दिसणे म्हणजे कारण सिद्ध होणे नव्हे. आमच्या इमारतीत त्या वेळी दोन तान्ही बाळे होती आणि समितीला खर्च मंजूर करण्यास तेवढे पुरेसे होते.

‘नायट्रेट म्हणजे खत, आणि खत म्हणजे शेत, शहरात ते कोठून येणार?’ हा प्रश्न आमच्याकडे हमखास विचारला गेला. ज्या जमिनींवर आज आमच्यासारख्या इमारती उभ्या आहेत त्यांतील कित्येकांवर पूर्वी मळे आणि द्राक्षबागा होत्या आणि मातीत मुरलेला जुना नायट्रोजन वर्षानुवर्षे खाली झिरपत राहू शकतो, हे खरे. तरीही दाट वस्तीत मोठा वाटा माणसाच्याच मैलापाण्याचा असतो, आणि तो किती मोठा असतो हे एका साध्या हिशेबावरून कळते. माणूस रोज साधारण ६० ग्रॅम प्रथिने खातो असे धरले आणि प्रथिनांत सुमारे १६ टक्के नायट्रोजन असतो हे लक्षात घेतले, तर एका माणसाकडून वर्षाकाठी साडेतीन किलो नायट्रोजन मैलापाण्यात जातो. आता एक एकर जागा घ्या. वर्षाला ७०० मिलिमीटर पाऊस आणि त्यातील दहा टक्के पाणी जमिनीत मुरते असे गृहीत धरले, तर त्या एकरात वर्षभरात सुमारे २८३ घनमीटर पाणी भूजलाला मिळते. एवढे पाणी ४५ मिलिग्रॅमच्या मर्यादेपर्यंत नेऊन ठेवण्यास केवळ १२.७ किलो नायट्रेट, म्हणजे २.९ किलो नायट्रोजन पुरतो. एका एकरात मुरणारे पाऊसपाणी एका माणसाचा वर्षभराचा नायट्रोजनही पचवू शकत नाही, आणि त्याच एकरावर आपण दोनशे माणसे राहतो. दोनशे माणसांच्या सातशे किलो नायट्रोजनापैकी अर्धा टक्का जरी गळक्या चेंबरमधून, जुन्या शोषखड्ड्यातून किंवा भुयारी गटाराच्या तडकलेल्या सांध्यातून जमिनीत गेला आणि त्याचे पूर्ण नायट्रेट झाले, तरी मर्यादा ओलांडली जाते.

हा हिशेब ढोबळ आहे. गळतीबरोबर पाणीही खाली जाते, भूजल आजूबाजूला वाहते, आणि जेथे प्राणवायू नाही पण सेंद्रिय द्रव्य आहे तेथे जिवाणू नायट्रेटचा वायुरूप नायट्रोजन करून टाकतात. मात्र नाशिकच्या जमिनीत ही शेवटची कृपा कितपत व्हावी याबद्दल मला शंका आहे. आपल्याकडे वर पातळ माती, त्याखाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण, म्हणजे बसाल्ट, अशी रचना आहे. बसाल्टमध्ये पाणी साठते ते झिजलेल्या थरात, भेगांत आणि सांध्यांत. अशा भेगांतून पाणी मातीसारखे सावकाश गाळले जात नाही, ते सरळ खाली उतरते. बोअर कितीही फूट खोल असली तरी वरच्या मुरमातला केसिंग पाइप कठीण खडकात नीट बसवलेला नसेल, तर पाइपच्या बाहेरच्या अंगाने वरचे पाणी थेट खाली जाते आणि खोलीचा काहीच उपयोग राहत नाही. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४च्या वार्षिक अहवालात देशातील ४४० जिल्ह्यांमध्ये मर्यादेबाहेरील नायट्रेट आढळल्याची नोंद आहे. २०१७मध्ये असे जिल्हे ३५९ होते. महाराष्ट्रातून तपासलेल्या नमुन्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक नमुने मर्यादेबाहेर निघाले. पण जिल्ह्याचा आकडा तुमच्या बोअरबद्दल काही सांगत नाही. भेगांच्या खडकात दोन शेजारच्या बोअरांचे पाणी वेगळे निघू शकते, आणि म्हणूनच स्वतःच्या बोअरचे पाणी वारंवार आणि स्वस्तात तपासण्याचे साधन हाताशी असणे महत्त्वाचे ठरते.

आता प्रत्यक्ष वापर. एका पट्टीचा खर्च साधारण वीस-पंचवीस रुपये पडतो, म्हणजे इमारतीतील प्रत्येक संशयित ठिकाणी पट्टी बुडवून पाहणे परवडते. आम्ही बोअरचे तोंड, जमिनीखालची टाकी, गच्चीवरील टाकी, स्वयंपाकघरातील नळ आणि घरगुती आरओ यंत्राचा नळ अशा क्रमाने तपासणी केली. हीच या पट्टीची खरी ताकद आहे. प्रयोगशाळेत पाच बाटल्या पाठवण्याचे कोणी मनावर घेत नाही, पाच पट्ट्या मात्र अर्ध्या तासात होतात. बोअरच्या पाण्याचा रंग तक्त्यावरील ५० आणि १०० (लिटरला मिलिग्रॅम नायट्रेट) या दोन चौकोनांच्या मधला आला, जमिनीखालच्या टाकीचा २५ ते ५०च्या मधला, आणि ज्या दिवशी नळाचे पाणी भरपूर आले त्या दिवशी त्याच टाकीचा रंग १०च्या आसपास उतरला. टाकीतील मिसळण दिवसागणिक कशी बदलते हे इतक्या स्पष्टपणे दुसऱ्या कोणत्याही साधनाने दिसले नसते.

नमुना घेताना काळजी मात्र हवी. बोअरचा पंप दहा-पंधरा मिनिटे चालू ठेवून पाइपात साचलेले पाणी निघून गेल्यावरच नमुना घ्यावा. भांडे साबणाने नव्हे तर त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळून घ्यावे. रंग दिवसाच्या उजेडात वाचावा, जिन्यातील पिवळ्या दिव्याखाली गुलाबी छटा हटकून गडद भासते. एकाने वाचलेला रंग दुसऱ्याला न सांगता त्यालाही वाचू द्यावा, कारण ‘मला तर पन्नासच वाटतोय’ असे एकदा कोणी म्हटले की पुढच्या प्रत्येकाला पन्नासच दिसू लागतो. टँकरच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर सढळ हाताने टाकलेली असल्यास क्लोरीनमुळे रंग फिका पडण्याचा संभव आहे, हे माहितीपत्रकात बारीक अक्षरांत का होईना पण दिले आहे.

पहिली मोठी तक्रार रंगतक्त्याबद्दल. त्यावर ०, १०, २५, ५०, १००, २५० आणि ५०० असे टप्पे आहेत. आपल्या मानकातील मर्यादा ४५, आणि तक्त्यावर ४५ हा टप्पाच नाही. ज्या पाण्यात ४० आहे आणि ज्यात ५५ आहे, त्या दोहोंचा रंग ५०च्या चौकोनाशी सारखाच जुळतो. त्यातील एक पिण्यायोग्य आणि दुसरे अयोग्य, हे पट्टी सांगू शकत नाही. यावर उपाय आहे आणि तो खर्चिक नाही. बॅटरीत घालण्यासाठी मिळणारे डिस्टिल्ड वॉटर आणि नमुन्याचे पाणी समप्रमाणात मिसळून पुन्हा पट्टी बुडवायची आणि आलेला आकडा दुप्पट करायचा. तक्त्याचा खालचा भाग वरच्या भागापेक्षा नीट वाचता येतो, त्यामुळे अंदाज बराच सुधारतो. त्याच डिस्टिल्ड वॉटरमध्ये एक पट्टी नुसतीच बुडवून शून्य येते ना, हेही पाहून घ्यावे. शून्य आले नाही तर बाटलीत ओल शिरली आहे किंवा पट्टीची मुदत संपली आहे असे समजावे. या दोन्ही युक्त्या माहितीपत्रकात कोठेही नाहीत, आणि त्या तेथे असायला हव्या होत्या.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे, आणि ती या एका कंपनीपुरती नाही. नायट्रेट दोन प्रकारे मोजले जाते. एका प्रकारात पूर्ण नायट्रेटचे वजन सांगतात, दुसऱ्यात त्यातील केवळ नायट्रोजनचे. नायट्रोजनच्या आकड्याला ४.४३ने गुणले की नायट्रेटचा आकडा मिळतो. आपले ४५ हे नायट्रेटचे आहे, तर अमेरिकेतील मर्यादा १० आहे आणि ती नायट्रोजनची आहे. गुणाकार केला तर दोन्ही जवळजवळ एकच ठरतात. अमेरिकी बाजारासाठी बनवलेल्या पट्ट्यांवर ०, २, ५, १०, २०, ५० असे नायट्रोजनचे टप्पे असतात, युरोपीय धर्तीच्या पट्ट्यांवर नायट्रेटचे. आपल्याकडे दोन्ही एकाच संकेतस्थळावर, एकाच छायाचित्राखाली विकल्या जातात. नायट्रोजनच्या पट्टीवर २० वाचून ‘मर्यादा ४५ आहे, आपण निम्म्यावर आहोत’ असे कोणी म्हणाले, तर ते सुमारे ८९ मिलिग्रॅम नायट्रेट असलेले पाणी बाळाच्या बाटलीत ओततील. आमच्या बाटलीवर नायट्रेटचे परिमाण आहे, परंतु ते इतके बारीक छापले आहे की भिंग लावावे लागले. माहितीपत्रक इंग्रजी, जर्मन आणि फ्रेंचमध्ये आहे. मराठी किंवा हिंदीत एक ओळही नाही. जी वस्तू सोसायटीच्या वॉचमनने किंवा प्लंबरने वापरावी अशी अपेक्षा आहे, तिच्याबाबत हा निष्काळजीपणा म्हणावा लागतो.

तोच घोळ प्रयोगशाळेतही होऊ शकतो. पट्टीची खातरजमा करण्यासाठी आम्ही बोअरचे पाणी शहरातील एका खासगी प्रयोगशाळेत दिले. अहवालात ‘नायट्रेट, नायट्रोजन म्हणून : १५’ असे आले आणि शेजारच्या रकान्यात मर्यादा ४५ छापलेली होती. शेरा ‘मानकानुसार समाधानकारक’. पट्टी मात्र ५० ते १००च्या मध्ये दाखवत होती. पंधराला ४.४३ने गुणल्यावर ६६ येतात, म्हणजे पट्टी आणि यंत्र यांचे एकमत होते, चुकला होता तो शेरा. प्रयोगशाळेने विचारणा केल्यावर दुसऱ्याच दिवशी सुधारित अहवाल दिला, हेही सांगितले पाहिजे. पण पट्टी हाती नसती तर तो पहिला अहवाल सूचनाफलकावर लावला गेला असता आणि विषय संपला असता. वीस रुपयांच्या पट्टीने यापेक्षा जास्त काही केले नसते तरी तिचे पैसे वसूल झाले होते.

म्हणून पट्टी घेतली तरी वर्षातून किमान एकदा प्रयोगशाळेचा अहवाल घ्यावाच असे माझे मत आहे, आणि नमुना देताना आकडा नायट्रेट म्हणून द्यावा असे लेखी सांगावे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा आणि खासगी मान्यताप्राप्त प्रयोगशाळा असे दोन्ही मार्ग आहेत. नमुना स्वच्छ प्लॅस्टिकच्या बाटलीत, बर्फात ठेवून, शक्यतो त्याच दिवशी पोहोचवावा. उन्हात गाडीच्या डिकीत राहिलेल्या नमुन्यात जिवाणू आपले काम चालू ठेवतात आणि आकडा बदलतो. नायट्रेटबरोबर जिवाणूंचीही तपासणी करून घ्यावी, मात्र तिच्यासाठी निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेकडूनच आणावी लागते.

घरगुती आरओ यंत्रांची तपासणी हा या पट्टीचा मला सर्वांत आवडलेला उपयोग. आपल्याकडे आरओचा तंत्रज्ञ येतो, खिशातून टीडीएस मीटर काढतो आणि ‘काका, टीडीएस ऐंशी आहे, एकदम बिसलेरी’ असे म्हणून निघून जातो. टीडीएस मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजून त्यावरून विरघळलेल्या एकूण क्षारांचा अंदाज देते. त्या क्षारांत कॅल्शियम किती, मीठ किती आणि नायट्रेट किती, हे त्याला कळत नाही. चारशे टीडीएसच्या एका पाण्यात नायट्रेट दहा असू शकते आणि चारशेच टीडीएसच्या दुसऱ्या पाण्यात नव्वद. शिवाय आरओचा पडदा सगळे क्षार सारख्याच जोमाने अडवत नाही. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम तो उत्तम अडवतो, नायट्रेट त्यामानाने अधिक निसटते, आणि पडदा जुना झाला किंवा पाण्याचा दाब कमी असला की आणखी निसटते.

त्याहून महत्त्वाची बाब म्हणजे अनेक यंत्रांत बसवलेला टीडीएस कंट्रोलर. पाणी अगदीच अळणी लागू नये म्हणून हा छोटा व्हॉल्व्ह आरओच्या पडद्यातून न गेलेले, केवळ यूव्ही किंवा यूएफमधून आलेले पाणी शुद्ध पाण्यात मिसळतो. यूव्हीचा प्रकाश जिवाणू मारतो, यूएफची जाळी ते अडवते, पण विरघळलेल्या नायट्रेटला दोन्ही हात लावत नाहीत. समजा मूळ पाण्यात १०० मिलिग्रॅम नायट्रेट आहे आणि पडद्याने त्यातील ८५ टक्के अडवले, म्हणजे पडद्यापलीकडे १५ उरले. आता त्यात तीस टक्के मूळ पाणी मिसळले, तर पेल्यात ४०हून थोडे अधिक नायट्रेट येते. यंत्र चालू आहे, दिवा हिरवा आहे, टीडीएस ‘छान’ आहे आणि नायट्रेट मर्यादेच्या उंबरठ्यावर. आमच्या इमारतीतील एका घरात पट्टीने नेमका असाच गडद रंग दाखवला. कंट्रोलर पूर्ण बंद करून तासाभराने पुन्हा तपासले तेव्हा रंग १०च्या चौकोनापर्यंत उतरला. त्या यंत्राची देखभाल करणाऱ्या माणसाला ही गोष्ट समजावून सांगण्यास पट्टी बुडवण्यापेक्षा जास्त वेळ लागला, पण दोन पट्ट्या शेजारी ठेवल्यावर त्याने वाद घातला नाही. नायट्रेटची शंका असलेल्या प्रत्येक घराने आरओच्या नळाखाली एकदा तरी पट्टी धरावी असे मी आग्रहाने सुचवेन.

सोसायटीच्या सॉफ्टनरचे काय, असाही प्रश्न आला. सॉफ्टनर कॅल्शियम व मॅग्नेशियम काढून सोडियम देतो, नायट्रेटला तो ओळखतही नाही. तुरटी, क्लोरीन, साधा कार्बन फिल्टर आणि माठ यांनीही नायट्रेट जात नाही. पाणी उकळल्याने तर ते वाढते, कारण वाफ निघून जाते आणि नायट्रेट मागे राहते. ‘बाळासाठी आम्ही वीस मिनिटे उकळूनच देतो’ असे जे कौतुकाने सांगितले जाते, ते जिवाणूंच्या दृष्टीने योग्य असले तरी बोअरच्या पाण्याबाबत ते धोका कमी करत नाही. बाळाचे दूध नळाच्या पाण्यात, किंवा पट्टीने खात्री केलेल्या आरओच्या पाण्यात करावे, एवढा निर्णय आमच्या समितीने घेतला.

नायट्राइटचा दुसरा तुकडा बहुतेक वेळा पांढराच राहतो आणि म्हणून लोक त्याकडे पाहत नाहीत. तो गुलाबी झाला तर जवळच कोठेतरी ताजे मैलापाणी शिरते आहे अशी शंका घ्यावी, कारण प्राणवायू असलेल्या पाण्यात नायट्राइट फार काळ टिकत नाही. जूनच्या पहिल्या दमदार पावसानंतर आमच्या बोअरवर त्या तुकड्याने फिकट गुलाबी छटा दाखवली. प्लंबरने आवारातील चेंबर उघडून पाहिले तेव्हा बोअरपासून काही फुटांवरील एका चेंबरचा तळ फुटलेला निघाला. तो दुरुस्त केल्यानंतर नायट्राइटची छटा गेली, नायट्रेट मात्र लगेच उतरले नाही, आणि ते उतरेल अशी अपेक्षाही धरू नये. खडकात आधीच मुरलेला साठा पावसाळ्यामागून पावसाळा पातळ होत जातो. दिवाळीच्या सुमारास रंग मेपेक्षा किंचित फिका होता, तो दुरुस्तीमुळे की पावसाच्या पाण्याने, हे पट्टी सांगू शकत नाही. निदान मे आणि ऑक्टोबर अशा दोन वेळा, पावसाळ्यापूर्वी आणि नंतर, तीन-चार वर्षे नोंदी ठेवल्या तरच काही बोलता येईल.

बाटलीची बांधणी ठीक आहे. झाकणात ओलावा शोषणारी पुडी आहे, पण झाकण सैल बसते. नाशिकचा जुलै-ऑगस्ट लक्षात घेता बाटली आणखी एका हवाबंद डब्यात ठेवावी लागली. विक्रेत्याने मुदत संपण्यास जेमतेम वर्ष उरलेला माल पाठवला होता, तेव्हा मागवण्याआधी मुदतीची तारीख विचारून घ्यावी.

कोणी घ्यावी? केवळ महापालिकेच्या नळावर असलेल्या घरांना या पट्टीची गरज नाही. त्या पैशात टाकी साफ करून घेतलेली बरी. ज्यांच्या पाण्यात बोअर किंवा टँकर मिसळतो त्या सोसायट्यांनी ती जरूर घ्यावी, आणि घरोघरी नव्हे तर समितीने एकत्र घ्यावी. मत्स्यालयाच्या दुकानात मिळणाऱ्या पट्ट्या याच तत्त्वावर चालतात आणि काही स्वस्तही पडतात, परंतु त्यांचे टप्पे २०, ४०, ८० असे असतात आणि तेथेही परिमाण कोणते ते आधी पाहून घ्यावे. बाटली एकदा उघडली की ५० पट्ट्या एका इमारतीत मुदतीआधी संपत नाहीत, आमच्याही बऱ्याच उरल्या आहेत. म्हणून मुदत संपण्याआधीच शेजारच्या दोन सोसायट्यांच्या बोअरही याच बाटलीतून तपासायच्या आणि खर्च फ्लॅटच्या संख्येनुसार वाटून घ्यायचा, असे तिन्ही सेक्रेटरींनी ठरवले आहे.